टेपचं दुसरं टोक

वारणानगरच्या आसपासची गावं आता गावठाणात मावत नाहीत. तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर साखर कारखाना उभा केला, त्याच्याभोवती दूध संघ आला, वारणा बाजार आला, शाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. त्यांच्यामागोमाग नोकरदार आले, विद्यार्थी आले. उसाच्या बिलावर आणि पगाराच्या कर्जावर रस्त्याकडेला घरं उभी राहिली. घर पुरं होतं, वास्तुशांतीचं जेवण उरकतं आणि थोड्याच दिवसांत पंचायतीचा माणूस वही घेऊन दारात येतो. नव्या घराला घरपट्टी लागायची असते.

या एका भेटीबद्दल गावात दोन तट असतात. एक म्हणतो, घर बांधलं म्हणजे गुन्हा केला का? दुसरा म्हणतो, रस्ता, दिवा, पाणी पाहिजे तर पट्टी नको कशी? हे दोन तट इथं समोरासमोर बसवले आहेत. दाजी निवृत्त ग्रामसेवक. पाहुणा त्यांचा धाकटा मेहुणा, गावच्या दूध संस्थेचा सचिव, यंदाच घर बांधलेला. मधूनमधून आक्का बोलते, म्हणजे दाजींची बायको आणि पाहुण्याची थोरली बहीण. माणसं कल्पित आहेत आणि गाव वारणाकाठचं कुठलंही धरावं. कायदा आणि नियम मात्र खरे आहेत.

पाहुणा : दाजी, सकाळचं दूध संकलन आटपून घरी येईपर्यंत माझं घर मोजून झालं होतं. टेप नाही, काही नाही. ओसरीपासून परड्यापर्यंत पावलं टाकली आणि वहीत आकडा लिहिला. परवा नोटीस आली तेव्हा कळलं, माझं घर जागेवर शंभर चौरस मीटर आहे आणि पंचायतीत एकशे पंधरा.

दाजी : पंधरा कुठनं वाढले?

पाहुणा : दारापुढं गाडी लावायला पत्रा टाकलाय. तो स्लॅबात धरला.

दाजी : मग हरकत घ्या की. नोटिशीत मुदत दिलेली असते. मुदतीत अर्ज दिला की पंचायतीला ऐकून घ्यावं लागतं. तिथं समाधान झालं नाही तर पन्हाळ्याला पंचायत समितीकडं अपील, आणि त्याच्यावर जिल्हा परिषदेची स्थायी समिती. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम १२४ आहे. कर लावायचा अधिकार त्याच कलमात आणि त्याविरुद्ध दाद मागायचा अधिकारही त्यातच.

पाहुणा : चुकायला पाच मिनिटं आणि दुरुस्तीला तीन कचेऱ्या. हा न्याय झाला का?

दाजी : पाव्हणं, आधी हिशेब तरी बघू. किती रुपयांचा घोळ आहे ते कळल्याशिवाय भांडणाला चव येत नाही. भांडवली मूल्य कसं काढतात, माहीत आहे?

पाहुणा : ते नोटिशीवर नुसतं एका ओळीत लिहिलंय.

दाजी : ऐका. पूर्वी घराच्या चौरस फुटावर पट्टी बसायची. त्या पद्धतीवर उच्च न्यायालयात वाद झाला, काही काळ आकारणीच अडून राहिली. मग ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनं १९६० चे कर व फी नियम बदलले आणि भांडवली मूल्य आलं. घराचं क्षेत्रफळ घ्यायचं, त्याला जमिनीच्या रेडी रेकनरच्या दरानं गुणायचं. तेच क्षेत्रफळ बांधकामाच्या दरानं गुणायचं, घराच्या वयाप्रमाणे घसारा धरायचा. दोन्हींची बेरीज. मग वापराचा भारांक. राहतं घर असेल तर एक, कारखाना असेल तर एक पूर्णांक वीस, दुकान असेल तर सव्वा. जो आकडा येईल त्याच्यावर दर हजारी काही पैसे किंवा रुपया-दोन रुपये. मातीच्या घराला कमी, आर.सी.सी.ला जास्त. शासनानं किमान आणि कमाल ठरवून दिलंय, त्याच्या मधला दर पंचायत ठरवते.

पाहुणा : माझं करून दाखवा.

दाजी : खरे दर तक्त्यात बघावे लागतील. सोयीसाठी धरून चालू, जमीन हजार रुपये चौरस मीटर, बांधकाम वीस हजार. शंभर मीटरचे झाले एकवीस लाख. घर नवं, म्हणून घसाऱ्याची सूट नाही. हजारी एक रुपया वीस पैसे धरले तर पट्टी दोन हजार पाचशे वीस. आता तुमचे ते पंधरा मीटर. त्याचे तीन लाख पंधरा हजार, आणि त्यावर पट्टी तीनशे अठ्ठ्याहत्तर.

पाहुणा : वर्षाला.

दाजी : वर्षाला. दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी वेगळी.

पाहुणा : आणि आकारणी यादी एकदा झाली की चार वर्षं तीच. म्हणजे पावलानं दीड हजार रुपये झाले. एका पावलाला एवढा भाव पंढरीच्या वारीतसुद्धा नसेल!

दाजी : पण खरं सांगा, राग दीड हजाराचा आहे का?

पाहुणा : नाही. राग निराळाच आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाला चौसोपी जुना वाडा आहे. मोक्याची जागा, माझ्या चौपट बांधकाम. दगड-मातीचा म्हणून दर कमी, वय झालं म्हणून घसारा. माझ्या शेजारी मोकळा प्लॉट आहे, त्याचा मालक पुण्याला असतो, भाव वाढायची वाट बघतोय. त्याला नुसत्या जमिनीचं मूल्य लागतं. आणि मी कर्ज काढून, गावात राहून, चांगलं पक्कं घर बांधलं, तर घरांतला सगळ्यात वरचा दर मला. ही पट्टी घरावर आहे की धडपडीवर?

दाजी : मुद्दा बिनतोड आहे असं वाटतं खरं. पण वाड्यात कोण राहतं? तीन वाटण्या झालेली भावंडं. भिंतीला पोपडे, कौलं गळतात. उद्या तो विकला तर लाखात जाईल, पण आज त्यांच्या हातात काय आहे? घसारा त्यांच्यासाठी आहे. सगळ्यांना एकच चौरस फुटाचा दर लावला असता तर तुम्ही सुटला असता आणि घरकुलातली माणसं मेली असती. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर पंचवीस चौरस मीटरचं असतं. त्याला आणि तुमच्या ग्रॅनाइटच्या ओट्याला एकच माप लावायचं?

पाहुणा : ओट्याला काही कर नसतो, दाजी.

दाजी : नाही. आणि नसावाच. कर लावणाऱ्यानं घरात फार डोकावू नये, या मताचा मी आहे. इंग्लंडात १६९६ पासून खिडक्यांवर कर होता. अधिकारी रस्त्यावरनंच खिडक्या मोजायचा, आत शिरायची गरज नाही. सोपं काम. लोकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवल्या. १८५१ साली तो कर गेला, पण बुजवलेल्या खिडक्या कित्येक जुन्या घरांवर अजून दिसतात. मोजणाऱ्याची सोय बघून कर ठरवला की घरातल्या माणसाला अंधारात बसावं लागतं.

पाहुणा : मग नव्या घरावरच भार टाकायचा, ही तरी सोयच की. जुन्यांची फेरआकारणी करायला गेलं तर सरपंचाची मतं जातात. नवं घर एकटं असतं, ओरडलं तरी एकटंच ओरडतं.

दाजी : हे मात्र खरं, आणि हे फक्त आपल्याकडं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९७८ साली लोकांच्या मतानं नियम करून घेतला. त्याला प्रपोझिशन तेरा म्हणतात. घराचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही, ते विकलं किंवा नवं बांधलं तरच पुन्हा ठरवायचं. परिणाम असा की एकाच गल्लीत सारख्याच दोन घरांचा कर कितीतरी वेगळा असतो. जुना मालक स्वस्तात आणि नवा महागात. इंग्लंडात त्याच्या उलट. तिथं घराचा कर अजून १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरतो. काल बांधलेलं घर १९९१ साली कितीला गेलं असतं, हे काढत बसतात.

पाहुणा : बघा! म्हणजे फेरआकारणीला तिकडचे पुढारीसुद्धा भितात.

दाजी : भितात. आपल्याकडं निदान दर चार वर्षांनी यादी नव्यानं करायची, असा नियम तरी आहे. पाळला तर तुमचा वाडा आणि तुमचा बंगला दोघंही पुन्हा तराजूत येतात. चार वर्षांच्या मधे बांधलेलं घर यादीत घालता येतं, म्हणून तुमच्याकडं आधी आले.

पाहुणा : 'पाळला तर' हे तुम्ही हळू आवाजात म्हणालात.

दाजी : नोकरीत असताना याहून हळू म्हणत होतो.

आक्का : ह्यांच्या नोकरीत वसुलीचा मार्च म्हंजे आमच्या घरात शिमगा. लोकं घरी येऊन भांडायची.

पाहुणा : मग एवढ्या भांडणाचा पैसा जातो कुठं? वित्त आयोगाचा निधी दिल्लीतनं येतो, रस्ता आमदार निधीतनं होतो. घरपट्टीचं नक्की काम काय?

दाजी : इथंच सगळ्यांचा गैरसमज असतो. वित्त आयोगाचा पैसा येतो, पण बांधून येतो. पंधराव्या आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच, उरलेले चाळीस गावाच्या गरजेला, आणि तेही पगारावर, आस्थापनेवर खर्च करायचे नव्हते. मग पहाटे पाणी सोडणारा, गटार काढणारा, दाखला टाईप करणारा, खांबावरचा दिवा बदलणारा, यांच्याकडं बघायला गावाकडं स्वतःचा म्हणून पैसा लागतो. तो पट्टीतनंच येतो. त्यातलेही पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला-बालकल्याणाला, पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचे. दुसरी गोष्ट, निधी वरनं आला की त्याचा हिशेब वर जातो. पट्टीचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. आमदार निधीतल्या रस्त्याला तुम्ही 'असा का केला' म्हणून विचाराल का? पट्टीतनं केलेल्या गटाराला विचाराल.

पाहुणा : विचारलं तर 'थकबाकी किती आहे तुमची' असं ऐकावं लागतं.

दाजी : म्हणून तर म्हणतो, आधी भरा आणि मग विचारा. सहा महिन्यांच्या आत भरलं तर पाच टक्के सूट असते, मार्च उलटला तर पाच टक्के दंड. आणि निवडून आलेल्या सदस्यानं मागणीचं बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर कलम १४ प्रमाणं त्याचं पद जाऊ शकतं. कायद्यानं थकबाकीदाराला गावाचा कारभार बघायला नालायक ठरवलंय.

पाहुणा : बरं, मग मोठ्यांचं काय? आमच्या शंभर मीटरला पावलं आणि कारखान्याच्या शेडला?

दाजी : कारखान्यांसाठी कलम १२५ आहे. पंचायत आणि कारखाना यांनी बोलणी करून, सरकारच्या मान्यतेनं, करांच्या बदल्यात ठोक रक्कम ठरवायची. हे कुठल्या एका कारखान्याबद्दल नाही सांगत, सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे. मोठं संकुल एकेक खोली मोजत बसण्यापेक्षा एक रक्कम बरी, हा त्यामागचा विचार.

पाहुणा : विचार चांगला आहे. पण माझी नोटीस भिंतीवर लागते आणि तो करार कपाटात राहतो. मला माझं बिल कमी करून नको. ज्या गावात उसाच्या जिवावर सगळं उभं राहिलं, तिथं ऊसवाल्याला आपली पट्टी आणि कारखान्याची ठोक रक्कम एकाच कागदावर दिसली पाहिजे.

दाजी : ग्रामसभेत मागा. पंचायतीचा करार गुप्त नसतो. मागितला जात नाही, एवढंच.

पाहुणा : आता माझा मूळ मुद्दा, दाजी. तुम्ही मला हिशेब समजावला, मी समजलो. पण तो हिशेब मला नोकरीतून उतरलेल्या ग्रामसेवकाच्या ओसरीत बसून का समजावा लागतो? आमच्या संस्थेत पहाटे दूध घालायला बाई येते. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आणि चिठ्ठी हातात. तिचं दूध माझ्या शिपायानं तिच्या गोठ्यात जाऊन अंदाजानं लिहून आणलं तर? दुसऱ्या दिवशी संस्थेला कुलूप लागेल. मग घराला ती चिठ्ठी का नाही? किती मीटर, कुठला प्रकार, कुठलं वय, कुठला दर, कुठला भारांक, खाली बेरीज आणि मोजणाऱ्याची सही. इतकं छोटं मागणं आहे.

दाजी : चिठ्ठी द्यावी, मला मान्य. पण दूध दोन वेळा येतं, घर एकदाच मोजतात. दोन-चार कर्मचाऱ्यांवर हजारो मिळकती, वरनं पाणी, दाखले, निवडणुकीची कामं. पावलानं मोजतात ते काही सगळे लबाडीनं नाही मोजत.

पाहुणा : मग मोजूच नका! मालकाकडून लिहून घ्या. बंगळुरू महापालिकेनं २००० सालीच स्वयंमूल्यांकन आणलं. मालक स्वतः क्षेत्रफळ लिहितो, स्वतः कर काढतो, भरतो. खोटं लिहिलं तर तपासणी आणि दंड. काही घरं तपासा, सगळी कशाला?

दाजी : शहरात शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही, म्हणून जमतं. खेड्यात काय होईल सांगतो. प्रामाणिक माणूस शंभर लिहील, दुसरा सत्तर लिहील, आणि सत्तरवाल्याला दंड लावायची वेळ आली की तो कुणाचा तरी चुलता निघेल. आज मोजणाऱ्यावर राग येतो तो पंचायतीवर जातो. उद्या तो राग भाऊबंदकीत शिरेल.

पाहुणा : म्हणजे भाऊबंदांना घाबरून पावलांवर विश्वास ठेवायचा?

दाजी : तसं नाही. माप पंचायतीनंच घ्यावं, पण मालकाशिवाय घेऊ नये. टेपचं एक टोक त्यांच्याकडं आणि दुसरं तुमच्याकडं. तुम्ही घरी नसाल तर आदल्या दिवशी निरोप. एवढं झालं तर निम्म्या हरकती जन्मालाच येणार नाहीत.

पाहुणा : आणि आता तर वरनं ड्रोन मोजतोय. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी झाली, मिळकत पत्रिका आल्या. मग माणूस हवा कशाला?

दाजी : ती केंद्राची योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, पण त्याच्या आधीच पुरंदर तालुक्यात सोनोरी गावी आपल्या राज्यानं ड्रोननं गावठाण मोजून बघितलं होतं. मोलाचं काम. पण ड्रोनला छप्पर दिसतं. छपराखाली स्लॅब आहे का पत्रा, एक मजला का दोन, पुढच्या खोलीत शिलाई मशीन आहे का किराणा, हे त्याला कसं कळणार? आणि त्याचा भर गावठाणावर. तुमचं घर गावठाणात आहे का?

पाहुणा : गटात आहे. रस्त्यालगत.

दाजी : बिगरशेती केलं?

पाहुणा : ते चाललंय.

दाजी : 'चाललंय' हे तुम्ही फार हळू म्हणालात, पाव्हणं! नीट ऐका. गावच्या हद्दीत घर बांधायला कलम ५२ प्रमाणं परवानगी लागते. नसली तरी पंचायत पट्टी लावू शकते, कारण रस्ता आणि पाणी तुम्ही वापरताच. पण पट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर झालं, असं होत नाही. लोक पावती फ्रेम करून ठेवतात आणि पुढं अडकतात. तसंच नमुना आठचं. नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही. त्यावर नाव आहे म्हणजे कर भरायची जबाबदारी तुमची. मालकी सातबारा, मिळकत पत्रिका, खरेदीखत यावरनं ठरते.

पाहुणा : पण बँक नमुना आठ मागते, वीज जोडणीला तोच चालतो.

दाजी : चालतो, म्हणून तर त्यातली चूक महाग पडते. आज पंधरा मीटर जास्त लागले ते तुम्हाला दिसले. उद्या नाव चुकलं, चतुःसीमा चुकली, तर ते तुमच्या पोराला दिसेल.

आक्का : नावाचं निघालं म्हणून इचारते. मोजाय आल्यावर घरात कोण होतं?

पाहुणा : ही होती.

आक्का : तिला इचारलं का काय? खोल्या किती, पत्रा कधी टाकला?

पाहुणा : ती म्हणते, 'मालक कुठं आहेत' एवढंच विचारलं आणि पावलं टाकायला लागले.

आक्का : आणि घरासाठी सोसायटीचं कर्ज कुणाच्या सहीनं काढलं? तिच्या डागिन्यावर किती उचलले? मग उताऱ्यावर नाव कुणाचं हाय?

पाहुणा : माझं. तसंच लावतात, आक्का.

दाजी : तसंच लावत नाहीत. तसंच लावून घेतात. पती-पत्नी दोघांच्या नावानं घराची नोंद करा, असं शासनानं २००३ सालीच पंचायतींना कळवलंय. 'घर दोघांचे' म्हणून मोहीमही झाली. मी स्वतः कित्येक उतारे दुरुस्त करून दिलेत.

आक्का : आपला सोडून. आपल्या उताऱ्यावर माझं नाव तुमी रिटायर झाल्यावर लागलं.

दाजी : लागलं की.

आक्का : मी अर्ज दिल्यावर. म्हणून सांगते, पंधरा मीटराची हरकत देणार हाईस न्हवं? त्याच अर्जात खाली दुसरी ओळ लिही. तिचं नाव लाव. मोजणाऱ्यानं 'मालक कुठं' म्हणून पुन्हा इचारलं तर ती म्हणंल, 'हितंच उभी हाय. धरा टेप.'

(थोडा वेळ दोघंही गप्प. मग पाहुण्याला आठवण होते वरच्या मजल्याची.)

पाहुणा : दाजी, अजून एक. वर दोन खोल्या काढल्यात. अभियांत्रिकीची पोरं राहणार आहेत, कॉट बेसिसवर. मोजणारा नंतर भेटला तेव्हा म्हणाला, 'हे व्यापारी लावावं लागेल.' वापर राहण्याचा आहे, मग सव्वापट कशी?

दाजी : राहायला भाड्यानं दिलं तर वापर राहण्याचाच, असं माझं मत. खाली खानावळ काढली, पाटी लावली, बाहेरच्यांना जेवायला घातलं, तर तेवढी जागा व्यापारी धरायला हरकत नाही. पण तेवढीच. एका खोलीसाठी सगळं घर सव्वापट करायचं नाही. वीस मीटरची खोली असेल तर आपल्या मघाच्या दरानं पट्टी पाचशे चारची सहाशे तीस होईल, म्हणजे सव्वाशे रुपयांचा फरक.

पाहुणा : आणि समोरच्या घरात पाच वर्षं पोरं राहतात, त्यांना निवासी लावलंय.

दाजी : हे तुम्हाला कसं कळलं?

पाहुणा : आकारणी यादी बघितली. चावडीवर लावली होती. चार दिवस, शेवटची दोन पानं उडून गेलेली.

दाजी : बघितलीत ना? मग तुमची अर्धी लढाई झाली. यादी जाहीर करायची ती याच्यासाठीच. आपली पट्टी जास्त का, हे आपल्या घराकडं बघून कधीच कळत नाही. शेजाऱ्याच्या ओळीशेजारी आपली ओळ ठेवली की कळतं.

पाहुणा : मग ती कायम का दिसू नये? दाजी, ही वारणा आहे. १९९८ साली सत्तर गावांत संगणक बसवून 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प इथं सुरू झाला. पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवलं. उसाचं वजन, खताचा कोटा मोबाइलवर. ज्या शेतकऱ्याला इतक्या वर्षांपूर्वी उसाचं वजन फोनवर बघता आलं, त्याला आज घराचं माप बघायला चावडीवरची फाटकी पानं का?

दाजी : उतारा मिळतो की. नमुना आठचा उतारा सेवा हमी कायद्यात आहे. अर्ज केल्यावर पाच दिवसांत द्यायचा.

पाहुणा : माझा मिळतो. मला सगळ्यांचा हवाय. सगळ्या गावाची यादी, घर, माप, प्रकार, वापर, पट्टी, वर्षभर उघडी.

दाजी : तिथं माझं-तुमचं पटायचं नाही. कुणाची किती थकबाकी, कुणी घर किती मोठं बांधलं, हे रोज सगळ्यांच्या हातात दिलं की गावात दुसरा विषय राहणार नाही. गेल्या साली उसाचं बिल अडकलं म्हणून एखाद्याची पट्टी राहिली असेल. त्याची अब्रू तुम्ही मोबाइलवर मांडणार?

पाहुणा : थकबाकी झाका. माप उघडं ठेवा. थकबाकी माणसाची असते, माप घराचं असतं.

दाजी : (विचार करून) हे मात्र मला सुचलं नव्हतं.

पाहुणा : तुमच्या खात्यात कुणालाच सुचलं नसेल.

दाजी : खात्यातनं उतरलोय, म्हणून ऐकून घेतो. पण एक अट. माप उघडं ठेवायचं तर सगळ्यांचंच. वाड्याचं, मोकळ्या प्लॉटचं, सरपंचाचं, दूध संस्थेच्या इमारतीचं. आणि सूट कुणाला दिली तेही. माजी सैनिकांना, सैनिकांच्या विधवांना २०२० पासून घरपट्टी माफ आहे. आपल्या भागात घरटी फौजी, पण किती जणांनी अर्ज केला? मोजायला जाणाऱ्यानं पट्टी लावतानाच विचारलं पाहिजे, 'घरात कुणी सैन्यात होतं का?' वसुली करणाऱ्याला सूट सांगायची सवय नसते.

पाहुणा : आणि सवलतीचं न सांगता नुसती पट्टी लावली, तर ती तपासणी अर्धीच झाली.

दाजी : बरोबर. मग आता लिहायला घ्या. पहिला अर्ज तुमच्या घराचा. समक्ष फेरमोजणी, पत्र्याचं शेड वेगळ्या प्रकारात, वरच्या खोल्या निवासी, दोघांची नावं. सोबत तुमचं स्वतःचं माप जोडा, नुसती तक्रार जोडू नका. ज्याच्याकडं आकडा असतो त्याच्याशी सुनावणीत नीट बोलतात. दुसरा अर्ज ग्रामसभेला. मोजणीच्या आदल्या दिवशी निरोप, मोजून झाल्यावर हिशेबाची चिठ्ठी, दर चार वर्षांनी जुन्या-नव्या सगळ्यांची फेरआकारणी, आणि कारखाना-संस्थांच्या ठोक रकमेचा आकडा त्याच यादीत.

पाहुणा : दुसऱ्या अर्जावर सही कुणाची?

दाजी : तुमची. मी माजी कर्मचारी. मी केली तर लोक म्हणतील, इतकी वर्षं काय केलं?

आक्का : मग ते खरंच हाय की. तुमीबी करा. आणि मीबी करते. तीन सह्या झाल्या.

पाहुणा : आणि तोपर्यंत पट्टीचं काय? थांबवू?

दाजी : थांबवू नका. माझ्या मतानं, तुम्हाला मान्य आहे तेवढ्या शंभर मीटरची आजच भरा, पंधरांचा वाद चालू ठेवा. थकबाकीदाराची हरकत म्हणजे पळवाट, असं सुनावणीला बसलेल्यांना वाटतं.

पाहुणा : भरतो. पण पटलं म्हणून नाही, दाजी. चांगल्या घरावर जास्त पट्टी, हे मला अजून अन्यायाचंच वाटतं. मोकळी जमीन अडवून बसलेल्यावर जास्त आणि बांधणाऱ्यावर कमी, असा नियम व्हावा असं माझं मत आहे.

दाजी : तो नियम मुंबईत होतो, चावडीवर होत नाही. पण हजारी दर किती, हे किमान-कमालच्या मधे ठरतं, आणि ते चावडीवरच ठरतं. त्या दिवशी ग्रामसभेला किती माणसं असतात माहीत आहे? कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते, पुढच्या तहकूब सभेत दहा माणसांत दर मंजूर होतो, आणि त्याच दरावर तुम्ही चार वर्षं भांडता. मोकळ्या प्लॉटचा दर कमालीच्या जवळ न्यायचा आणि घराचा किमानाच्या जवळ आणायचा, हे तुमच्या हातात आजही आहे. बोलायला उभं राहावं लागेल, आणि पुण्यातला प्लॉटवाला त्या दिवशी हमखास गाडी करून येईल.

पाहुणा : येऊ दे. संकलन संध्याकाळी सातला संपतं. सभा दुपारी ठेवतात, म्हणूनच आम्ही कुणी येत नाही.

दाजी : मग तिसरा अर्ज लिहा. सभेची वेळ बदलायचा.